शेठजींचा पराभव आणि माझी डॉक्टरेट

नागपुरात माझी अशी ख्याती आहे, की मी ज्याच्या बाजूने उभा राहतो त्यालासुद्धा पाडू शकतो. या ख्यातीवर माझं फार बरं चाललं. निवडणुका आल्या की माझ्या फाटकाशी जीपा थांबू लागल्या. एकदा तर दोन पक्षांचे लोक एकमेकांना न सांगता एकाच सकाळी माझ्याकडे पोहे खाऊन गेले. फक्त ही ख्याती खरी नाही. लोकांनी तिचा विषय काढला की मी नुसतं छे छे म्हणतो. ते हसतात आणि म्हणतात, सर, तुम्ही पोचलेले आहात. आता पन्नाशी उलटली आहे. चारचौघांत खोटं मिरवायचा मला कंटाळा नाही, पण खरं सांगण्याची मजा एकदा घेऊन पाहावी म्हणतो.

एकोणीसशे साठचं दशक सरत आलं होतं. मी एका खासगी कॉलेजात राज्यशास्त्राचा लेक्चरर होतो आणि माझा तास सकाळी सातला असे. समोर कॉमर्सची मुलं. त्यांनी हा विषय घेतला होता, कारण तो संपला की दिवस मोकळा मिळे. डिसेंबरच्या नागपुरी थंडीत मी मफलर गुंडाळून त्यांना राष्ट्रपतींचे अधिकार सांगायचो आणि ती मफलर गुंडाळून झोपायची. मला तिथून सुटायचं होतं. अमरावती रोडवर विद्यापीठाच्या विभागात रीडरची जागा निघणार होती. तिथे तास अकराला सुरू होत, खोलीबाहेर चपराशी बसे आणि खुर्चीला हात असत. त्यासाठी डॉक्टरेट हवी होती. नोंदणी करून सहा वर्षं झाली होती, दोन मुदतवाढी संपल्या होत्या, तिसरी आणि शेवटची पुढच्या उन्हाळ्यात संपत होती. प्रबंध झाला तर अकरा वाजताचं आयुष्य, नाही तर जन्मभर सकाळचे सात.

माझे मार्गदर्शक म्हणजे तिथले विभागप्रमुख. पुण्याकडचे, अविवाहित, मे महिन्यातसुद्धा बंद गळ्याचा कोट घालणारे. निवडणुकीबद्दल त्यांचं मत सोवळ्यातल्या बाईचं रस्त्यावरच्या भज्यांबद्दल असतं तसं होतं: वास बरा येतो, पण आपल्यासाठी नव्हे. त्यांनी माझी चार प्रकरणं वाचली आणि म्हणाले, की यात मतदार पुष्कळ आहेत, पण एकही नागपूरचा नाही आणि बरेचसे वारले असावेत. तेही खरंच होतं. मी सगळं परदेशी पुस्तकांतून उतरवलं होतं. मग त्यांनी अट घातली. येणाऱ्या कॉर्पोरेशनच्या निवडणुकीत एक वॉर्ड घ्यायचा, तिथे पायी हिंडायचं, आणि मोजणीच्या आधी निकाल लिहून बंद पाकिटात त्यांच्या हाती द्यायचा. पाकीट बरोबर निघालं तर प्रबंध पुढे जाईल. चुकलं तर जाणार नाही.

वॉर्ड मला शोधावा लागला नाही. तोच घरी चालत आला. गोळीबार चौकाच्या पलीकडे विणकरांच्या गल्ल्या आहेत. त्या काळी तिथे शिरलं की दोन्ही बाजूंच्या घरांतून मागांची खटखट कानावर यायची. तिथे सुताचा धंदा करणारे एक शेठजी अपक्ष म्हणून उभे होते. कॉलेजात इलेक्शनचा प्रोफेसर असतो, असं त्यांना कोणी तरी सांगितलं होतं. डोळ्यांना डोळ्यांचा डॉक्टर, दातांना दातांचा, तसा इलेक्शनलाही असणारच, अशी त्यांची सरळ समजूत. माझ्या आईसाठी एक लुगडं घेऊन ते आले आणि म्हणाले, "सर, मले जिंकवून द्या."

मी त्यांना समजावलं, की असं कोणी कोणाला जिंकवून देत नसतं. मतदार, त्याचा वर्ग, त्याची निष्ठा, त्याचा असंतोष हे सगळं शास्त्र आहे. हे मी पाऊण तास समजावलं. त्यांनी हात जोडून ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "म्हंजे जिंकवून देता."

जिंकण्याजोगा माणूस होताही तो. सूत पूर्ण वजनाचं द्यायचा आणि कोणाच्या घरी मयत झाली की सगळ्यांत आधी पोचायचा. समोर दोनदा निवडून आलेले एक पहिलवान होते. स्वतःचा आखाडा होता त्यांचा, आणि वॉर्डातली भांडणं तिथेच मिटत किंवा वाढत. विणकर त्यांच्यावर चिडलेले होते. हातमागावर बसणारा माणूस पाय जमिनीतल्या खड्ड्यात सोडून बसतो. पावसाळ्यात नाली तुंबली की तिचं पाणी नेमकं त्या खड्ड्यांत शिरे. नाली बांधून देतो, असं पहिलवानांनी दोन निवडणुकांत सांगितलं होतं. शेठजी एवढंच म्हणत होते, की मी खरंच बांधीन. निशाणी मात्र त्यांच्या नशिबी जहाज आलं होतं. त्या वॉर्डात समुद्र पाहिलेला माणूस एकच होता, तोही मिलिटरीतून पेन्शनवर आलेला. पहिलवानांची निशाणी शिडी.

मी कामाला लागलो. शेठजींना लाउडस्पीकरवर भजनी मंडळ हवं होतं. त्याऐवजी मी स्थानिक स्वराज्याच्या इतिहासावर माझं भाषण ठेवलं. पहिल्या गल्लीत लोक ऐकायला थांबले. दुसऱ्या गल्लीत पहिल्या गल्लीची बातमी आमच्या आधी पोचलेली होती. भाषण बंद झालं. पण माझ्या हुशारीला खरं मैदान मिळालं ते मतदानाच्या दिवशीच्या टेबलावर.

हे टेबल प्रकरण नीट सांगायला हवं, कारण माझं सगळं पुढचं आयुष्य त्या टेबलाच्या चार पायांवर उभं आहे. मत द्यायला जाणाऱ्याला यादीतला आपला नंबर माहीत असावा लागतो. तो कोणालाच माहीत नसतो. म्हणून केंद्रापासून ठरलेल्या अंतरावर प्रत्येक उमेदवार आपलं टेबल मांडतो, तिथली पोरं यादीत नाव शोधतात आणि नंबराची चिठ्ठी हातात देतात. चिठ्ठी कोरी असते, तिच्यावर निशाणी छापायची नसते. बहुतेक टेबलांवर बोटाला थुंकी लावून यादीची पानं उलटणारे दोघे असतात आणि समोर वैतागलेली रांग असते. यादीत नाव एक असतं, गल्लीत माणसाला वेगळ्याच नावाने ओळखतात, आणि आडनावं तर अख्ख्या वॉर्डात मिळून चार-पाच.

मी कॉलेजच्या ग्रंथालयातून कार्डांचे लाकडी खण आणले, पितळी कड्यांचे. माझ्या विद्यार्थ्यांना पंधरा दिवस गल्लोगल्ली हिंडवलं आणि प्रत्येक मतदाराचं एक कार्ड केलं. ती कार्डं सरकारी क्रमाने नाही लावली, गल्ली ज्या नावाने माणसाला हाक मारते त्या नावाने लावली. चष्मेवाल्याची मोठी सून, तोतऱ्या मास्तर, पिंपळाखालचा धाकटा. नाव सांगायचा अवकाश, की कार्ड बाहेर, नंबर चिठ्ठीवर, आणि चिठ्ठीखाली कार्बन. कार्बन प्रत आमच्याकडे राहणार. संध्याकाळी त्या प्रती मोजल्या की आपल्याला किती मतं पडली ते पेटी उघडण्याआधी कळणार. परदेशी पुस्तकांतसुद्धा हे नव्हतं. मी स्वतःवर इतका खूश होतो की दाढी करताना आरशात बघून मान डोलावत असे.

मतदानाच्या दिवशी आमच्या टेबलाने वॉर्डाला वेड लावलं. लोक मत द्यायला नव्हे, आपलं कार्ड बघायला येऊ लागले. एक म्हातारी आपल्या कार्डावर काय लिहिलंय ते दोनदा वाचून घेऊन मग गेली. शेठजींची बायको सकाळपासून पोरांना चहा-चिवडा पुरवत होती. मी तिला वहिनी म्हणायचो, ती मला भाऊजी. दहाच्या सुमारास ती माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाली, "भाऊजी, तो पहिलवानाचा साळा हाये. त्याले काहून चिठ्ठी देऊन राहिले?"

मी हसून तिला सांगितलं, की मतदाराच्या कपाळावर काही लिहिलेलं नसतं. पण जो आपल्या टेबलावरून चिठ्ठी घेतो त्याच्या मनात आपल्याबद्दल उपकाराची भावना तयार होते. हे सिद्ध झालेलं आहे, पुस्तकात आहे.

"किताब लिवणाऱ्याले पहिलवानाचा साळा मालूम असंन का?" ती म्हणाली.

मी तिला चहा आणायला पाठवलं. आजही हे लिहिताना कान गरम होतात.

दुपारी खुद्द पहिलवान आले. सायकल रिक्षातून उतरले, आमच्या टेबलासमोर हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, प्रोफेसर, आमचाही नंबर काढून द्या, आमच्या पोरांना सापडून नाही राहिला. मी स्वतः उठलो. कडीला धरून खण ओढला आणि दहा मोजायच्या आत त्यांचं कार्ड काढून दाखवलं. माझ्या विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिलवानांनी खणांकडे एकदा नीट पाहून घेतलं, माझी पाठ थोपटली आणि गेले. त्यानंतर अर्ध्या तासात त्यांचं टेबल रिकामं झालं. मला वाटलं, त्यांनी हाय खाल्ली. प्रत्यक्षात त्यांनी आपल्या पोरांना यादीतून सोडवून घरोघर पिटाळलं होतं. म्हाताऱ्याकोताऱ्यांना रिक्षात घालून आणा, नंबर प्रोफेसरच्या टेबलावरून घ्या, ठप्पा शिडीवर मारा. एरवी नंबर न सापडल्यामुळे घरी परत जाणारी त्यांची माणसं मी एकेक करून, टाळ्या घेत, आत पाठवत होतो.

संध्याकाळी कार्बन प्रतींचा ढीग पाहून मी शेठजींना मिठी मारली. त्यांनी बॅन्डवाल्याला निरोप पाठवला. मी पाकिटात स्वच्छ अक्षरात लिहिलं, "जहाज मोठ्या फरकाने विजयी होईल," खाली सही केली, लाखेने पाकीट बंद केलं आणि सायकल मारत विभागप्रमुखांच्या घरी नेऊन दिलं.

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. जहाज बुडालं हा विनोद पुढे आठवडाभर इतक्या लोकांनी केला, की मी तो करत नाही. शेठजी मोजणीच्या हॉलबाहेर बराच वेळ टोपी हातात घेऊन उभे होते. बॅन्डवाला आला होता, त्याला त्यांनी चहा पाजून परत पाठवलं.  मला ते एवढंच म्हणाले, की नालीचं काम आता पुन्हा राहिलं.

मी मात्र नालीचा विचार करत नव्हतो. मी पाकिटाचा करत होतो.

सोमवारी विभागप्रमुखांनी सगळ्या अध्यापकांना खोलीत बसवलं, लाख फोडली आणि माझं वाक्य मोठ्याने वाचलं. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. कोणी तरी खोकलं. मला समोर सकाळचे सात दिसू लागले, मफलरींसकट. आणि त्या क्षणी, देवाशप्पथ, माझ्या तोंडून जे निघालं ते माझ्या डोक्याला विचारून निघालं नव्हतं.

"सर, ते भाकीत नाही," मी म्हणालो. "ते गृहीतक आहे."

मग मी बोलतच सुटलो. चिठ्ठी देणाऱ्याला मत मिळतं, हा राजकारण्यांचा जुना समज. तो तपासण्यासाठी आपण मुद्दाम असं टेबल मांडलं जे कोणालाच नाही म्हणणार नाही. मतदान वाढलं, पण ते समोरच्याचं. म्हणजे समज खोटा ठरला. हा प्रयोग होता, सर.

विभागप्रमुखांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांचा चेहरा असा उजळला, की मी तो आधीही कधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. त्यांच्या कारकिर्दीत विभागातून जेवढे प्रबंध बाहेर पडले त्या सगळ्यांत गृहीतक जसं लिहिलं तसं सिद्ध झालं होतं. एकानेही कधी चूक केली नव्हती. खोटं ठरलेलं गृहीतक ते पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहत होते. त्यांनी उठून माझ्याशी हात मिळवला आणि बाकीच्या अध्यापकांना म्हणाले, की याला म्हणतात विज्ञान.

मी चार महिन्यांत प्रबंध लिहून काढला. त्यात शेठजी "उमेदवार अ" झाले, पहिलवान "उमेदवार ब" झाले, आणि मी एक थंड डोक्याचा शास्त्रज्ञ झालो, ज्याला पहिल्या चिठ्ठीपासून सगळं ठाऊक होतं. त्या प्रबंधातलं मला सर्वांत आवडतं पात्र तेच.

मौखिक परीक्षा खुली असते. म्हणजे कोणीही येऊन बसू शकतं, म्हणूनच कोणी येत नाही. पण विभागप्रमुखांना वाटलं, ज्यांच्या वॉर्डात अभ्यास झाला त्यांना बोलावणं हे सौजन्य आहे. त्यांनी मला न विचारता शेठजींना छापील निमंत्रण पाठवलं. शेठजी आणि त्यांची बायको परगावी लग्नाला जावं तशी स्वच्छ कपडे करून आली आणि शेवटच्या रांगेत बसली. मी माझं इंग्रजी भाषण केलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी संदर्भसूचीवर दोन प्रश्न विचारले. त्यांना गाडी पकडायची होती. मग विभागप्रमुखांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, की श्रोत्यांपैकी कोणाला काही विचारायचं आहे का. अशा वेळी कोणी विचारत नसतं, सगळे समोशांच्या दिशेने वळलेले असतात.

शेठजी उभे राहिले.

"सर, तुमचं विंग्रजी मले समजलं नाई," ते म्हणाले. "तुमच्या मोठ्या साहेबानं मले मराठीत थोडं सांगितलं. मले एकच इचारायचं हाये. आपली चिठ्ठी घेऊन लोकं पहिलवानाले मत देऊन राहिले, हे तुमाले त्या दिवशी मालूम होतं, का नंतर समजलं?"

प्रश्न त्यांनी रागाने नाही विचारला. सुताचा भाव विचारावा तसा विचारला. नंतर समजलं म्हणालो असतो तर प्रबंधाचं पान न् पान खोटं, डॉक्टरेट तिथेच संपली. त्या दिवशीच माहीत होतं म्हणालो, तर ज्या माणसाने माझ्या आईला लुगडं दिलं त्याला मी बसल्या जागी विकलं. विभागप्रमुख माझ्याकडे बघून हसत होते, त्यांना उत्तराची खात्रीच होती. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. माझ्यापाशी विचार करायला फार वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर मी केलाही नाही.

"त्या दिवशीच," मी म्हणालो. "पहिल्यापासून."

शेवटच्या रांगेतून वहिनींचा आवाज आला, नवऱ्यासाठी हळू, पण त्या रिकाम्या हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असा. "मी तवाच म्हटलं होतं यायले, पहिलवानाचा साळा हाये म्हणून. चहा आनाले पाठवलं मले."

शेठजींनी दोन-तीनदा मान हलवली. "बस, तेवढंच इचारायचं होतं," म्हणाले आणि बसले. निघून नाही गेले. चहा-समोसा होईपर्यंत थांबले, कारण खाण्यावरून उठून जाणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, की चांगलं झालं सर, तुमचं काम झालं. वहिनींनी मला त्या दिवसापासून भाऊजी म्हणणं सोडलं.

मी रीडर झालो. अकरा वाजता जाऊ लागलो. खुर्चीला हात होते. वॉर्डात पहिलवानांची तिसरी पाच वर्षं सुरू झाली आणि पावसाळ्यात नालीचं पाणी मागाच्या खड्ड्यांत शिरत राहिलं. माझ्या प्रबंधात नालीवर एक तळटीप आहे.

शेठजींनी मात्र गावभर एकच गोष्ट सांगितली: मी पहिलवानाकडून नाही हरलो, मला प्रोफेसरने पाडलं. आपल्याच टेबलावर बसून, आपलाच चहा पिऊन. ही गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. पुढच्या निवडणुकीला नागपूरजवळच्या वाडीहून एक ट्रान्सपोर्टवाले माझ्याकडे आले. मी त्यांना माझी पद्धत समजावू लागलो, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. म्हणाले, सर, आमच्याकडे नका येऊ तुम्ही, एवढी कृपा करा. तुम्ही समोरच्याकडे जाऊन त्याला सल्ला द्या. मी गेलो. तो पडला. तसाही तो पडणारच होता, पण श्रेय मला मिळालं. त्यानंतर मला कधी रिकामं बसावं लागलं नाही. विद्यापीठात मी राज्यशास्त्र शिकवायचो आणि उरलेल्या वेळात लोक मला घाबरायचे. या दोन्हींत फार फरक आहे, असं मला कधी वाटलं नाही.

एकोणीसशे ऐंशीनंतर केव्हा तरी, एका दुपारी, मी न कळवता शेठजींच्या घरी गेलो. गल्ली बदलली होती. बरेच हातमाग उठले होते. उरलेल्या घरांतून आता पॉवरलूमचा एकसुरी गोंगाट येत होता, आणि बरीच माणसं दुसऱ्या कामाला लागली होती. शेठजी थकले होते, पण मला पाहून उठले, पाट दिला, पाणी दिलं. मी एका दमात सांगून टाकलं. मला त्या दिवशी काही माहीत नव्हतं. पहिलवानांनी मला सगळ्यांसमोर उल्लू बनवलं आणि मी टाळ्या घेत राहिलो. नंतरचं सगळं मी डॉक्टरेटसाठी रचलं. दगा नव्हता तो, शेठजी, मूर्खपणा होता.

मला वाटलं होतं ते रडतील, किंवा मला क्षमा करतील. मी दोन्हींची तयारी करून गेलो होतो, डोळेही जरा ओले केले होते.

शेठजींनी उठून आधी दार लोटून घेतलं.

"सर, हे अजून कोणाले सांगितलं?"

कोणालाच नाही, मी म्हणालो.

"मंग सांगू नका," ते म्हणाले. "हुशार माणसानं दगा देल्ला म्हटलं, तं लोकं म्हणते शेठजी सिधा माणूस हाये. मास्तर गधा होता म्हटलं, तं लोकं इचारतीन, तो गधा आनला कोणं? मीच तं नाचत आनलं होतं ना तुमाले. मले याच गल्लीत मरायचं हाये, सर."

मी काही बोलणार तेवढ्यात दारावर थाप पडली. शेजारचा एक माणूस विड्या मागायला आला होता. शेठजींनी दार उघडलं, त्याला आत घेतलं आणि माझ्याकडे बोट करून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पाह्य गा, हेच ते प्रोफेसर. यायनंच पाडलं मले."

तो माणूस विड्या विसरला. त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत जो आदर होता तसा मला विद्यापीठात कोणीही कधी दाखवला नव्हता. शेठजी माझ्याकडे रोखून पाहत होते. मी पाटावरून उठलो, छाती जरा पुढे काढली आणि पाडणाऱ्याला शोभेल असा नमस्कार केला.